पुणेकराची पहिली शिडाची बोट : कोकण किनाऱ्यासाठी छोटी यॉट कशी निवडावी

पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून तीन-चार तास लागतात. शिडाची छोटी यॉट घेऊ पाहणाऱ्या पुणेकराने जाहिराती चाळायला बसण्याआधी या एका गोष्टीचा नीट विचार करावा. मुंबईचा मालक जोराचा वारा सुटला की तासाभरात बोटीचे दोर तपासून येऊ शकतो. पुणेकराची बोट मात्र आठवड्यातले पाच-सहा दिवस, आणि कामाच्या धबडग्यात कधी महिनाभरही, त्याच्या नजरेआड उभी असते. म्हणूनच आपल्याकडे निवडीचा क्रम थोडा उलटा लावावा लागतो : आधी बोट कुठे राहणार ते ठरवावे, मग ती कुठवर जाणार ते, आणि सर्वांत शेवटी बोट. पुढील विवेचन २० ते २६ फूट लांबीच्या, दोन ते चार माणसांना पुरेल अशा आणि मुंबई ते गोवा या पट्ट्यात दिवसाउजेडी किनारा धरून प्रवास करू शकेल अशा बोटीपुरते आहे.

पहिली पायरी : आधी शिकावे

शीड हाताळण्याचा काहीच अनुभव नसताना बोट विकत घेऊ नये. पुण्यात बोट क्लब आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण ती परंपरा वल्ह्यांची आहे. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या बोटी चालवतात, मात्र ती सोय नागरिकांसाठी नाही. त्यामुळे शिकायला मुंबई किंवा गोवा गाठणे बरे. सुरुवात लेझर किंवा एंटरप्राइझसारख्या छोट्या डिंगीवर, म्हणजे एक-दोघांच्या हलक्या उघड्या बोटीवर करावी, कारण डिंगीत शीट (शिडाला ताणून धरणारा दोर) वेळेवर ढिली केली नाही तर बोट लगेच कलंडते आणि चूक तिथल्या तिथे समजते. कील (तळाखालचे वजनदार पाते) असलेली जड बोट तीच चूक निमूटपणे पोटात घालते आणि शिकणाऱ्याला ती कळतही नाही. त्यानंतर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या (आरवायए) पद्धतीतील 'कॉम्पिटंट क्रू' आणि 'डे स्किपर' या दोन पातळ्यांचे प्रशिक्षण घ्यावे, आणि निदान एक मोसम दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढावा. हा मोसम वाया गेला असे वाटत असेल, तर यॉट घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा.

दुसरी पायरी : जागा आणि पावसाळा

आपल्या किनाऱ्यावर नौकानयनाचा मोसम ढोबळ मानाने ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात, तो त्यांचा मोसम. छोट्या यॉटने त्यानंतरही दोन महिने थांबावे. मोसमाच्या दोन्ही टोकांना चक्रीवादळांचा धोका असतो. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले, 'तौक्ते' १६-१७ मे २०२१ला कोकणाला घासून गेले आणि 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ जमिनीवर धडकले. पहिली तारीख मोसमाच्या आतली आहे आणि दुसरी मोसम संपता संपताची, हे ध्यानात घ्यावे. पुण्यात राहणाऱ्याने मेच्या पहिल्या आठवड्यातच बोट पाण्याबाहेर काढलेली असावी, कारण वादळाची सूचना मिळाल्यावर घाट उतरून, क्रेन मिळवून आणि भरतीची वेळ साधून बोट वर घेणे बहुधा जमत नाही.

याचा अर्थ असा की बोटीला दोन घरे लागतात : मोसमात मूरिंगची (तळाशी पक्का बांधलेला, बोट अडकवून ठेवायचा बोया) आणि पावसाळ्यात जमिनीवरची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोट थेट धक्क्याला लावून ठेवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बहुतेक बोटी पाण्यात मूरिंगवर उभ्या असतात आणि त्यांच्यापर्यंत लहान होडीने जावे लागते. मुंबई बंदरात क्लबांच्या मूरिंग आहेत, मात्र त्यासाठी सभासदत्व लागते. मांडवा-अलिबाग भाग पुणेकराला खोपोली-पेणमार्गे सोयीचा पडतो, आणि ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे दिघीची राजपुरी खाडी गाठता येते. जागा निवडताना तिथल्या देखाव्यापेक्षा तिथला माणूस महत्त्वाचा मानावा. रोज एकदा बोटीकडे नजर टाकणारा, पावसाचे पाणी उपसणारा आणि दोर घासला असेल तर फोन करणारा स्थानिक माणूस मिळाला की अर्धे काम झाले. त्याला ठरलेले मानधन वेळेवर द्यावे. त्याच्या ओळखीवर फुकटात काम भागवू नये.

जमिनीवरच्या घराचा प्रश्न बोटीचे वजन ठरवतो. साधारण १,००० ते १,२०० किलोची, २० ते २२ फुटांची, कील वर घेता येणारी बोट ट्रेलरवर चढवून पावसाळ्यात थेट पुण्याजवळच्या शेडमध्ये आणता येते, आणि चार महिने रविवारी तिची डागडुजी करता येते. ही मोठीच सोय आहे. मात्र ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, आणि एवढे वजन ओढत घाट चढणे साध्या मोटारीचे काम नाही. वर्षातून दोनदाच न्यायची असेल तर माल वाहणारा ट्रक आणि क्रेन भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे. २६ फुटांची जड बोट असेल तर तिला किनाऱ्यावरच्या यार्डातच ठेवावे लागेल. त्या यार्डाचे भाडे, क्रेनची क्षमता आणि रॅम्प कोणत्या भरतीला वापरता येतो हे तिन्ही प्रश्न बोट घेण्याआधी विचारावेत.

तिसरी पायरी : कुठवर जायचे

बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर अवलंबून असतो. ती लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणले की कमाल वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. पाण्यालगत २० फूट असलेल्या बोटीचा हा वेग सुमारे ६ नॉट येतो, आणि प्रत्यक्षात दिवसभराची सरासरी ४ नॉट धरावी. मुंबईहून मुरूड-दिघी हा टप्पा सुमारे ४० सागरी मैलांचा, म्हणजे दहा तासांचा. हिवाळ्यात दिवसाउजेडी तो जेमतेम बसतो, म्हणून पहाटेच निघावे लागते. पुढे दिघी ते हर्णै आणि हर्णै ते जयगड हे प्रत्येकी तीस मैलांच्या आसपासचे, जयगड ते रत्नागिरी वीस, रत्नागिरी ते विजयदुर्ग सव्वीसच्या आसपास, आणि तिथून देवगड अगदीच जवळ. म्हणजे छोट्या बोटीला एका दिवसात गाठता येतील अशी बंदरे आपल्या किनाऱ्यावर ओळीने आहेत, आणि शिडावर चालणाऱ्या गलबतांनी शतकानुशतके त्यांचा आधार घेतला आहे.

पण सगळी बंदरे सारखी नाहीत. जयगड आणि विजयदुर्ग येथे आत शिरणे सोपे आणि आसरा चांगला. बाणकोट आणि दाभोळच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीचा प्रवाह आणि समुद्राकडून समोर येणाऱ्या लांब लाटा एकमेकांना भिडल्या की तिथे लाटा फुटतात. अशा ठिकाणी नवख्याने स्थानिक तांडेलाला विचारल्याशिवाय आणि चढत्या भरतीशिवाय आत जाऊ नये.

जाताना आणि येताना वारा सारखा नसतो, आणि यॉट निवडताना नेमकी हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. मोसमात दुपारी वायव्येकडून खारे वारे वाहतात. हिवाळ्यात दहा-पंधरा नॉट, मार्च-एप्रिलनंतर त्याहून जोरदार. दक्षिणेला जाताना ते पाठीशी असतात आणि कोणतीही बोट सुरेख चालते. परतताना मात्र तेच वारे समोरून येतात, लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढण्यात कच्ची असलेली बोट दिवसभर आडव्या फेऱ्या मारूनही फारशी पुढे सरकत नाही. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे उत्तर-दक्षिण दोन्ही दिशांना उपयोगी पडतात, त्यामुळे पहाटे चारला नांगर उचलून दुपारपर्यंत मुक्कामी पोचण्याची शिस्त असेल तर बरेच निभावते. तरीही, रुंद आणि ऐसपैस केबिनच्या मोहाने वाऱ्यावर न चढणारी बोट घेणाऱ्याला सोमवारी पुण्यात कामावर पोचायचे असते, हे त्याने विसरू नये.

चौथी पायरी : पाण्याखालचा भाग

कील तीन प्रकारांची भेटते. एकाच खोल पात्याची फिन कील वाऱ्यावर उत्तम चढते, पण तिला साधारण १.२ ते १.५ मीटर पाणी लागते आणि ती कोरडी पडली तर बोट आडवी होते. दोन कील असलेली बोट ओहोटीत चिखलावर सरळ उभी राहते. ब्रिटनमधील 'वेस्टर्ली सेंटॉर' ही २६ फुटांची बोट या घडणीचे प्रसिद्ध उदाहरण असून तिला सुमारे ०.९ मीटर पाणी पुरते. तिसरा प्रकार वर घेता येणाऱ्या कीलचा. अमेरिकन 'कॅटलिना २२'मध्ये कील वर घेतल्यावर ०.६ मीटर पाणी पुरते आणि खाली सोडल्यावर दीड मीटर लागते. नेमक्या याच बोटी आपल्याकडे विक्रीला मिळतील असे नाही, पण कोणत्या घडणीची बोट शोधायची हे त्यांवरून समजते.

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत गोव्यात दोन मीटरच्या आसपास येतो. रायगडच्या चिखलाच्या खाड्यांत फिरणार असाल तर दोन कील किंवा वर घेता येणारी कील सोयीची. रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ तळाशी मात्र ओहोटीत टेकण्याचा विचारच करू नये. तिथे फिन कील चालते. पुणेकराला माझा सल्ला वर घेता येणाऱ्या कीलचा आहे, एका अटीवर : कील ज्या पेटीत बसते ती पेटी, तिचा खिळा आणि ती उचलणारी तार दरवर्षी उघडून पाहायची तयारी हवी. आपल्या कोमट पाण्यात त्या पेटीत कालवे आणि शिंपले इतक्या वेगाने वाढतात की दोन-तीन महिने न हलवलेली कील जागीच अडकून बसते.

सुकाणूही पाहावे. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे खुंट आणि जाळ्यांचे बोये जागोजागी असतात. पूर्ण उघडे लटकणारे सुकाणू आणि कीलमागे फिरणारा पंखा यांत दोर पटकन गुंततो. सुकाणूपुढे आधाराचे पाते असलेली बोट मिळाली तर तिला झुकते माप द्यावे. जाळे गुंतले तर ते कापून मोकळे होण्याआधी ज्याचे जाळे आहे त्याला हाक मारावी. त्याचा तो महिन्याचा रोजगार असतो.

पाचवी पायरी : शीड, इंजिन आणि नांगर

डोलकाठी एकच, पुढे जिब आणि मागे मेनसेल अशी दोन शिडे, ही स्लूपची साधी मांडणी पहिल्या बोटीला पुरे आहे. जिब गुंडाळता येणारा फर्लर असावा. मेनसेलला निदान दोन रीफ (वारा वाढला की शीड लहान करण्याच्या पायऱ्या) असावेत, आणि रीफ घेण्याचा दोर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत बसून ओढता येतो का हे स्वतः ओढून पाहावे. दुपारचा वारा अर्ध्या तासात दुप्पट होतो, तेव्हा हलत्या डेकवर पुढे जावे लागू नये.

एवढ्या बोटीला ६ ते १० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगायचे इंजिन) पुरते. ते घाटावर घेऊन येता येते आणि पुण्यात घरी टाकीतल्या गोड्या पाण्यात चालवून धुता येते, हा मोठाच फायदा. दोष एकच : मागच्या बाजूला टांगल्यामुळे लाटेत त्याचा पंखा पाण्याबाहेर येतो आणि नेमका गरजेच्या वेळी जोर जातो. त्यासाठी लांब शाफ्टचेच (पंख्यापर्यंतच्या दांड्याचेच) घ्यावे. आतले डिझेल इंजिन दमदार आणि किफायतशीर असते, पण जुन्या बोटीतले बंद पडलेले डिझेल इंजिन कधीकधी बोटीच्या किमतीएवढाच खर्च काढते.

नांगराच्या बाबतीत कंजुषी करू नये. समजा ओहोटीला ३ मीटर पाण्यात नांगर टाकला, त्या रात्री भरती ४ मीटरने चढणार आहे आणि बोटीचे नाक पाण्यापासून १ मीटर उंच आहे. एकूण उंची ८ मीटर होते, आणि तिच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी-दोर सोडावा लागतो. जाहिरातीतल्या बोटीबरोबर मिळणारा वीस मीटरचा दोर इथे कामाचा नाही. दहा किलोच्या आसपासचा नांगर, निदान दहा मीटर साखळी आणि पुढे चाळीस मीटर नायलॉनचा दोर असा संच मुख्य, आणि एक हलका नांगर जोडीला, असे असावे.

केबिनबद्दल थोडक्यात. फोटोत चार बर्थ दिसले तर दोन माणसे समजावीत. वारा आत घेणारी पुढची झडप, कॉकपिटवर ताणता येईल असे सावलीचे कापड आणि पिण्याच्या पाण्याचे निदान चाळीस लिटर, एवढे आपल्या उकाड्यात पुरेसे आहे.

सहावी पायरी : वापरलेली बोट तपासणे

पहिली बोट बहुधा वापरलेलीच असते, आणि तशीच असावी. तिची तपासणी पाण्याबाहेर करावी. म्हणून खरेदीचा योग्य काळ ऑगस्ट-सप्टेंबर. त्या वेळी बोटी जमिनीवर असतात, तळ उघडा असतो आणि पुढच्या मोसमाचे भाडे भरण्याआधी मालकालाही सौदा उरकायचा असतो.

बोटीभोवती एक फेरी मारून झाली की प्लास्टिकचा छोटा हातोडा घ्यावा आणि वीत-वीत अंतरावर तळ हलकेच ठोकत जावा. पक्के भाजलेले मडके जसे खणखणीत वाजते तसा धड फायबरग्लासचा आवाज असतो. आवाज बोदा झाला की तिथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी शिरले आहे असे समजून खडूने खूण करावी. रंगाखाली मसुराएवढे फोड दिसले तर एखादा टाचणीने फोडून वास घ्यावा. आंबूस वासाचा द्रव निघाला तर ती ऑस्मोसिसची, म्हणजे फायबरग्लासच्या थरांत पाणी मुरल्याची लक्षणे. चार-दोन फोड म्हणजे बोट बाद असे नाही, पण ते किमतीत दिसले पाहिजेत. मग डेकवर चढून विंच (दोर ओढण्याची चरखी), कठड्याचे खांब आणि डोलकाठीचा पाया यांच्याभोवती टाचेने दाब देत चालावे. डेक पायाखाली दबला तर आतला बाल्सा लाकडाचा गाभा कुजला आहे, आणि ही दुरुस्ती फोडांपेक्षा कितीतरी महाग पडते.

कील जिथे बोटीच्या बुडाला भिडते त्या रेषेत गंजाचे ओघळ दिसले तर आतून कीलचे बोल्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोलकाठीला धरणाऱ्या स्टेनलेस तारा टोकाच्या फिटिंगमध्ये शिरतात तिथे भिंगाने पाहावे. तुटलेला एक जरी तंतू बोटाला टोचला तर त्या तारा बदलायच्या. दिसायला चकचकीत असल्या तरी दहा-बारा वर्षांनी तारा बदलाव्यात हा सर्वमान्य नियम आहे, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो ताणू नये. तळातून पाणी आत घेणारे पितळी व्हॉल्व्ह नखाने खरवडून पाहावेत. सोनेरीऐवजी गुलाबी रंग दिसला तर त्यातले जस्त निघून गेले आहे. सुकाणू दोन्ही हातांनी हलवून त्यात खेळ किती आहे ते पाहावे. शिडांचे कापड उन्हात जिथे उघडे राहते तिथली शिवण नखाने ओढून पाहावी. दोरा तुटला तर कापड चांगले असूनही शीड पुन्हा शिवावे लागेल.

एवढे स्वतः करून मगच सर्वेक्षकाला बोलवावे. त्याची फी वाचवू नये आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

कागदपत्रांत युरोपियन बनावटीच्या बोटीवर 'ए' ते 'डी' असा वर्ग लिहिलेला असतो. 'सी' म्हणजे ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर ६पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा, 'बी' म्हणजे ब्यूफोर्ट ८ आणि ४ मीटर. आपल्या मोसमात किनाऱ्यालगत 'सी' पुरते. खाड्या-तलावांसाठी असलेला 'डी' वर्ग समुद्रावर नेऊ नये.

सातवी पायरी : कागद आणि परवाने

महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोट ज्या बंदरात ठेवणार तिथल्या बंदर कार्यालयात सौद्याआधीच जाऊन नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांबाबत काय लागते ते विचारून घ्यावे, आणि विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी व परदेशी बोट असल्यास सीमाशुल्क भरल्याचे कागद मूळ स्वरूपात पाहावेत. हे कागद नंतर मिळतील असे सांगणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

व्हीएचएफ रेडिओ असावा. चॅनेल १६ संकटाच्या आणि पहिल्या हाकेसाठी आहे, आणि संचासाठी परवाना घ्यावा लागतो. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे परदेशातून आणून बोटीवर बाळगू नयेत; दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात बेकायदा आहेत आणि त्यावरून अटकाही झाल्या आहेत. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे आणि भरती-ओहोटीचे तक्ते घ्यावेत, मोबाइलवरचे ॲप जोडीला ठेवावे. लाटांचा अंदाज हैदराबादच्या 'इन्कॉइस'कडून आणि वाऱ्याचा हवामान विभागाकडून रोज मिळतो.

आठवी पायरी : पैसे आणि पहिली सफर

वर्षाचा खर्च बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरावा असे म्हणतात. स्वस्तात मिळालेल्या जुन्या बोटीला हे गणित लागू होत नाही, कारण बोट जुनी झाली म्हणून दोर, रंग आणि क्रेन स्वस्त होत नाहीत. जवळच्या रकमेतील निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून उरलेल्या पैशात बोट शोधावी.

सौदा ठरला तरी सगळी रक्कम एकदम देऊ नये. इसार द्यावा, आणि ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरल्यावर चाचणी-सफर समाधानकारक झाली तरच बाकी देणे असे लेखी करून घ्यावे. ही सफर दुपारीच ठेवावी. सकाळच्या मंद वाऱ्यात सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. दोन्ही शिडे लावून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढून पाहावे, एक रीफ घेऊन पाहावा, इंजिन गार असताना स्वतः सुरू करावे, आणि परत आल्यावर तळाच्या फळ्या उचलून आत किती पाणी जमले ते पाहावे.

पहिल्या मोसमात मांडवा ते खांदेरी आणि परत अशा दिवसभराच्या फेऱ्या माराव्यात. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्ग मात्र टाळावा. मग दिघीचा एक मुक्काम करावा, आणि हर्णैपलीकडचा विचार दुसऱ्या मोसमात. प्रत्येक वेळी निघण्याआधी सागरी पोलिसांना कळवावे. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोटींकडे बारकाईने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पुण्यात घरी एका कागदावर बोटीचे नाव, रंग, माणसे, मुक्कामाचे ठिकाण आणि पोचण्याची वेळ लिहून ठेवावी. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर घरच्यांनी वाट न पाहता तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर तोच कागद वाचून दाखवावा.